आजारी मॉनिटरमधले आबा

मॉनिटर आजारी होता तोवर आबा बरे होते. मी मॉनिटर बरा केला आणि आबा तापले. झालं ते एवढंच, दौंडात, मच्छिंद्रच्या स्टुडिओत, भर दुपारी, सांगितलेला चहा यायच्या आत. आबा म्हणजे माझे वडील, तात्याबा. ते गेल्या कार्तिकात वारले, त्यामुळे त्यांनी आता तापायचं तसं काही कारण नव्हतं. पण माणूस घरातून जातो, रेशनकार्डावरून जातो, तसा कॅसेटमधून जात नाही. मच्छिंद्र लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, म्हणजे नवरीला कमळातून बाहेर काढतो, नवरदेवाला गिरक्या घालत तिच्या कपाळापाशी आणून सोडतो आणि वडीलधाऱ्या मंडळींना एकेक करून बदामात बसवतो. हे सगळं तो ज्या मॉनिटरवर बघून करायचा तो मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं भंगारात काढलेला, जाड काचेचा, माझ्याहून थोरला होता. त्याची पिक्चर ट्यूब थकली होती. थकलेल्या ट्यूबांना तरतरी आणायची हाच माझा शिरूरचा धंदा, म्हणून मी आलो होतो. मच्छिंद्र म्हणाला, "रविराज, आधी बघ तरी काय दावतोय त्यो," आणि त्यानं हाताला आली ती कॅसेट सरकवली. ती माझ्या बहिणीच्या लग्नाची निघाली. "तुमचीच हाय की," तो म्हणाला, "समद्या गिऱ्हाइकांना सँपल म्हणून हीच दावतो मी." मग सनई वाजली, कमळ फुललं, बदाम आला आणि बदामात आबा. त्यांचा नेहमीचा रंग, उन्हात वाळत टाकलेल्या घोंगडीसारखा. पटका, मिशी, शांत डोळे. मला काहीतरी खटकलं, पण माझ्या हातात पेचकस होता, आणि पेचकस हातात असला की मला दुसरं काही सुचत नाही.

रंगीत ट्यूबच्या मानेत तीन गन असतात, लाल, हिरवी आणि निळी. तिघी मिळून चित्र काढतात, पण एखादी आधी म्हातारी होते. इथं लाल झाली होती. अशा गनला नेहमीपेक्षा जास्त तापवायचं आणि ती चांगली फुलली की एक झटका द्यायचा. आम्ही त्याला शॉट म्हणतो. काचेच्या मानेत निळी ठिणगी उडते आणि मग एक तर गन जागी होते नाहीतर कायमची जाते. डॉक्टर लोक अशा वेळी नातेवाइकांची सही घेतात. मी गिऱ्हाइकाला चहा सांगायला पाठवतो. मच्छिंद्र चहा सांगून परत दारात आला तेव्हा ठिणगी उडून गेली होती. मी कॅसेट पुन्हा लावली. सनई तीच, कमळ तेच. बदाम उघडला आणि आबा पेटलेले बाहेर आले. गाल लाल, नाक लाल, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल. इंगळासारखा चेहरा. आणि हा चेहरा मला ओळखीचा होता. आमच्या घरच्या टीव्हीवर, बहिणीच्या घरच्या टीव्हीवर, वर्षभर आम्ही हाच चेहरा बघत होतो. खटकलं होतं ते हे, की घटकाभरापूर्वी ते रागावलेले नव्हते.

"आरं पेटवलंस की माझ्या मॉनिटरला!" मच्छिंद्र ओरडला. मी म्हणालो, "मॉनिटर आत्ता बरा झालाय. पेटलीय ती कॅसेट." त्याला पटेना. मग मी रंगाच्या पट्ट्या लावून दाखवल्या, सगळे रंग जागच्या जागी. त्यानं दुसऱ्या लग्नाची कॅसेट लावली, लाल. तिसरी लावली, भटजीसुद्धा लाल. लाल गन काही एका दिवसात थकली नव्हती. आपले केस पांढरे होतात तशी ती बेतानं थकत गेली आणि मच्छिंद्र प्रत्येक लग्नाला मिक्सरवरचं लाल बटण जरा पुढं सरकवत राहिला. त्याच्या डोळ्यांना चित्र कायम ठीकच दिसत होतं. तो म्हणाला, "म्हंजी दोन हंगाम मी आंधळा व्हतो व्हय?" "तुम्ही न्हाई, मॉनिटर." "पर लोक तर म्हणायचे, मच्छिंद्रशेठ, तुमच्या कॅसेटीला काय रंग हाय! आलेगावची पार्टी रंगासाठी आली माझ्याकडं. श्रीगोंद्याच्या एकानं इचारलं, कुठला मिक्सर वापरता." मग बदामातल्या आबांकडं वळून तो हळूच म्हणाला, "परत पयल्यासारखा करता येतो का रं त्यो?" माझ्या धंद्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला नाही, खाली उतरलो. जिन्यावर चहावाला भेटला. त्याचं लग्न झालंय का, कॅसेट मच्छिंद्रनं केलीय का, हे विचारावंसं वाटलं.

आता आबा का तापले असावेत असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं ते सांगायला पाहिजे. आबांनी धुरपदा आत्याला शब्द दिला होता. आमच्यात भावानं मुलगी बहिणीच्या घरी द्यायची, तशी रीतच. ललिता, म्हणजे माझी आक्का, पाळण्यात होती तेव्हाच आत्या तिच्या तोंडाकडं बघून "माझी सून" म्हणाली आणि आबा "बरं" म्हणाले. आबा फार बोलत नसत. मेंढरं विकून आमच्या गावी, न्हावऱ्याला, ऊस केल्याला वर्षं झाली तरी दिवस कलला की ते बांधावर जाऊन मोकळ्या रानाला हाळी द्यायचे, आणि रानातून काही येत नाही असं बघून घरात यायचे. अशा माणसाचं एक "बरं" म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. आणि आक्का मोठी झाल्यावर आत्या साडी घेऊन आली तेव्हा चहाचा कप पुढं करता करता आक्का म्हणाली, "आत्या, तुमच्या पोराला मी लहानपणी शेंबूड पुसलाय. मला न्हाई जमायचं." आत्या चहा न पिता गेली. त्या दिवसापासून आबा आक्काशी बोलायचे बंद झाले. म्हणजे रागानं असं नाही. ते म्हशीशी बोलायचे. "म्हशे, तिला सांग, भाकर वाढ." "म्हशे, तिला इचार, दौंडचं पोरगं करतं काय." आक्का पण वस्ताद, ती म्हशीला उत्तर द्यायची, "रेल्वेत खलाशी हाय म्हणावं. माऊली नाव." अशा रीतीनं लग्न ठरलं. म्हैस मध्ये नसती तर ठरलं नसतं. आबा लग्नाला आले, पटका बांधला, अक्षता टाकल्या, एका खुर्चीवर बसले. कार्तिकात एका सकाळी ते उठलेच नाहीत. आणि लग्नाची कॅसेट आली त्यांचा दहावा झाल्यावर, कारण मच्छिंद्रनं वेळेवर दिलेली कॅसेट तालुक्यात अजून कुणी बघितलेली नाही.

सगळे जमून बघायला बसलो. लग्नाची कॅसेट सुतकाच्या तोंडानं बघणारं आमचंच घर असेल. आई, आत्या, आक्का, दारात दाजी. आबांचा घरात एक फोटो नव्हता, त्यामुळे हलते आबा म्हणजे मोठीच गोष्ट. बदाम उघडला, लालबुंद चेहरा आला, आणि आत्या म्हणाली, "बघा, बघा माझा भाव कसा पेटलाय. मला दिलेला शबुद मोडला त्येचं दुख त्येला." आक्का उठली, पिशवी उचलली, दाजींना म्हणाली, "चला." ती गेली ती गेलीच. आखाडीला नाही, पंचमीला नाही, दिवाळीला नाही. मी भाऊबीजेला गेलो तेव्हा तिनं ओवाळलं आणि म्हणाली, "त्या घरात आता काय तोंडानं येऊ? तापल्याले गेले आबा माझ्यावर." आणि आता आबांचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलेलं. आईनं मला निघताना बजावलं होतं, "लली आली तरच पानं मांडीन. न्हाईतर न्हाई. मग कावळ्यांनी काय करायचं त्ये करू दे." माझी आई बानूबाई बोलल्याप्रमाणे करते. तिच्या एका बोलण्यावर एकदा आमच्याकडं महिनाभर मीठ आलं नव्हतं.

मी स्टेशनाकडं चालायला लागलो तेव्हा खरं तर मी खूश असायला हवं होतं. हातात पुरावा होता. आबा रागावलेले नव्हते, लाल गन म्हातारी झाली होती. आक्काला हे सांगायचं, उद्या सकाळच्या एसटीत बसवायचं, पानं मांडायची. पण मला चैन पडेना. मी त्या लग्नात होतो. मी आबांना बघितलं असणार. मी पंगतीत बुंदी वाढत होतो, आबांच्या खुर्चीजवळून चारदा तरी गेलो असणार, मग मॉनिटर कशाला हवा, कॅसेट कशाला हवी, मला आठवायला हवं की त्यांचा चेहरा कसा होता. मी आठवायला लागलो आणि बुंदी आठवली. बुंदीचं पातेलं, त्याचा तापलेला कान, धरायचं फडकं. मान वर केली की खुर्ची. खुर्चीत आबा. आणि आबा लाल. मी डोळे चोळले, पुन्हा पातेल्यापासून सुरुवात केली, मान वर केली, लाल. बरं, लग्न सोडा. बांधावर हाळी देणारे आबा आठवले, त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, लाल. मला लहानपणी घोड नदीत पोहायला शिकवणारे आबा, गार पाण्यात गळ्याएवढे उभे, आणि चेहरा इंगळासारखा. एका कॅसेटनं माझे सगळे जुने आबा रंगवून काढले होते. ट्यूब असती तर शॉट दिला असता. स्वतःच्या मानेत ठिणगी कुठून पाडायची हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावर एक जोडपं पोरगं कडेवर घेऊन भाजी बघत होतं. दोन हंगामांत झालेलं लग्न असावं. भाजीवरून नवरा जरा चिडला होता आणि बायको त्याच्याकडं असं बघत होती, की हा लग्नातही असाच होता, माझ्याकडं कॅसेट आहे. किती घरांत काय काय झालं असेल. किती सुनांनी सासूचा तो लाल चेहरा बघून पहिल्या दिवसापासून कंबर कसली असेल. रेल्वेच्या पुलावर उभा राहिलो. खाली एक इंजिन एकटंच पुढं जात होतं आणि मागं येत होतं, डबा न जोडता, काहीतरी घरी विसरल्यासारखं. मला एकदम वाटलं, समजा आबा खरोखरच रागावलेले असतील तर? लालवर लाल दिसत नाही. पेटलेल्या माणसावर मच्छिंद्रनं रंग चढवला असेल तर तो रंग उतरवल्यावर खाली आणखी एक राग निघेल. मग मी आक्काला काय दाखवायला निघालो होतो?

आक्काचं घर रेल्वेच्या चाळीत. दाजी रात्रपाळी करून आले होते आणि जमिनीवर बसून वाटाणे सोलत होते. माऊली दाजी म्हणजे असा माणूस की वाटाण्यात अळी निघाली तर तिला खिडकीत नेऊन सोडतो. आक्का मालिका बघत होती. मी पिशवी ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी सगळं सांगितलं, गन, बटण, चहा, भटजी. तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "आईनं शिकवून पाठवलं," ती म्हणाली.

"आईला गन माहीत न्हाई आक्का."

"मग तू शिकवून घेतलंस. मला न्यायला काय बी सांगशील. लग्नानंतर पयल्या पंचमीला न्यायला आलास तवा आई आजारी हाय म्हणाला व्हतास."

"तवा आजारीच व्हती."

"भजी तळत व्हती."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "कॅसेट हाय ना? लाव." ती कॅसेट कुठं आहे हे तिला शोधावं लागलं नाही. मी टीव्ही भिंतीपासून ओढला, मागचं झाकण काढलं. ट्यूबच्या मानेवर बारकी प्लेट असते, तिच्यावर तिन्ही गनचे बारके स्क्रू. लाल थोडा उतरवला की झालं, मच्छिंद्रनं वाढवलेलं आपण कमी करायचं. मागं बसून पडदा दिसत नाही म्हणून आम्ही पुढं आरसा धरायला लावतो. आक्कानं भिंतीवरचा आरसा काढला आणि टीव्हीसमोर बसून छातीशी धरला. मी मागून बघितलं. आरशात बदाम उघडला आणि उलटे आबा दिसले, लाल. दाजींनी वाटाणे खाली ठेवले. मी पेचकस लावला आणि बेतानं फिरवायला लागलो. डोळ्यांतलं लाल उतरलं. मग नाकावरचं. मग गाल. खाली काय निघणार ते मला माहीत नव्हतं. दुपारी बघितलं होतं ते मी बघितलं होतं की नाही याची मला आता खात्री नव्हती. मग चेहरा आला. उन्हातल्या घोंगडीचा रंग. मी हात काढला. पटक्यात अडकलेली झेंडूची पाकळी आता पिवळी दिसली.

"हे आबा," मी म्हणालो. "बघ."

ती बघत होती. "मागं घे," म्हणाली. मी हात लांबवून कॅसेट मागं घेतली. पुन्हा बदाम उघडला, पुन्हा मिटला. "आणिक एकदा." दाजी उठून जवळ आले. ती म्हणाली, "रागावल्याले न्हाईत."

"न्हाईत. तेच सांगतोय मघापासून."

"मग काय करतायत?"

मी आरशात नीट बघितलं. माझ्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता. लाल होते तोवर ते रागावत होते, तेवढं काम पुरेसं होतं. आता राग काढून घेतल्यावर ते काय करत होते? ते जरा वर बघत होते. ओठ हलत होता. "मांडवाची गाठ बघतायत बहुतेक," मी म्हणालो. "बांबूची. सैल झाली असंल. मांडववाल्याला सांगावं का, असं चाललंय त्यांचं."

"माझ्याकडं न्हाई बघत?"

"कॅमेरा तुझ्या बाजूला व्हता. म्हंजी तसं तुझ्या जवळपासच बघतायत."

"जवळपास," आक्का म्हणाली. आरसा खाली झुकला आणि आबांच्या जागी थेट तिचाच चेहरा समोर आला. मी मागं अडकलो होतो, मान वळवायला जागा नव्हती, त्यामुळे मला तो बघावा लागला. "वरीसभर मी भांडतीय त्यांच्याशी रव्या," ती म्हणाली. "भाजी निवडताना, धुणं धुताना. मी म्हणते, आबा, तुमचा शबुद मोठा का माझं आयुष्य मोठं? मी म्हणते, तिकडं दिली असती तर विहीर जवळ केली असती मी. ते काय बोलत न्हाईत, नुसते लाल. पर ऐकत असत्यात. मधी म्हस न्हाई काय न्हाई, सरळ माझ्याकडं तोंड. जन्मात एवढं बोलले न्हाई मी त्यांच्यासंगं." तिनं नाक पुसलं. "आन् तू आता मला सांगतो, ते गाठ बघत व्हते."

मी आपला आबांना बरं करायला आलो होतो. "आक्का, खरं हेच हाय," मी म्हणालो.

"असंल. लाल कर परत."

"आगं पण..."

"लाल कर म्हणते ना. आणि ह्यो टीव्ही नीट कर आधी, त्या मालिकेतल्या बाया बघ कशा हिरव्या पडल्या असत्याल."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की दोन्ही एकच आहे, टीव्ही नीट ठेवला तर आबा बिघडतात आणि आबा नीट केले तर टीव्ही. ती म्हणाली, "मग बरंच की. एकाच कामात झालं." तिनं आरसा पुन्हा वर धरला, मी स्क्रू उलटा फिरवला. गाल भरले, नाक पेटलं, डोळ्यांत रक्त उतरलं, आणि खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. घरचा माणूस परत आल्यासारखं. आक्कानं आरसा मांडीवर उपडा ठेवला आणि ती पडद्याला म्हणाली, "बघा तसं. बघा. मी येणार हाय परवा वरसाला. आत्या बसली असंल पुढ्यात, तिच्यादेखत तुमचं पान मी वाढणार हाय. मोडला म्या शबुद. काय करायचं ते करा." मग माझ्याकडं न बघता, "सकाळच्या गाडीनं निघू. आईला गाठीचं बोलायचं न्हाई. आत्याला तर मुळीच न्हाई," आणि ती आत लुगड्यांची पेटी ओढायला गेली. पेटी फरशीवरून घासत येण्याचा आवाज आला.

मी झाकण बसवत होतो. कॅसेट त्या बदामावर थांबवलेली, आबा तसेच थरथरत उभे. दाजी पडद्यासमोर उभे होते. आबा त्यांच्याशी कधी बोलले नव्हते, बरं नाही की वाईट नाही, आणि दाजींची आपण होऊन बोलायची कधी छाती झाली नव्हती. त्यांनी बटणाकडं हात नेला, मागं घेतला, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "आगं, बंद करू का ह्यो?"

आतून आक्का म्हणाली, "मला काय इचारता? समोर उभं हायेत, त्यांना इचारा."

मला वाटलं दाजी हसतील. दाजींनी शर्टाची वरची गुंडी लावली. हाताला चिकटलेली वाटाण्याची साल झटकली. मग दोन पावलं मागं सरकून, पायाला हात लावायला वाकावं तसे थोडे वाकून, ते माझ्या लालबुंद बापाला म्हणाले, "मामा, बंद करू का?" आणि बटणाला हात न लावता, उत्तराची वाट बघत, तसेच उभे राहिले.